तोंडातल्या चुका

माझ्या भावाच्या तोंडात कायम चुका असतात. टोमणा म्हणून नाही सांगत, टोमणा मारायचा तर मी असा आडून मारत नाही. त्याचा धंदाच तो आहे. तो सोफे भरतो. लाकडी चौकटीवर पट्टे ताणायचे, स्प्रिंगा सुतळीने बांधायच्या, फोम बसवायचा आणि वरून कापड खेचून बारीक बारीक खिळे ठोकत जायचं. त्या बारक्या खिळ्यांना चुका म्हणतात. एका हातात कापड, दुसऱ्या हातात हातोडी, मग चुका ठेवणार कुठे? गालात. जिभेने एकेक पुढे ढकलायची, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं त्याने उचलायची, आणि ठाक! असं काम करणाऱ्या माणसाला कुणी बोल म्हणत नाही. माझ्या भावाला हे फार सोयीचं पडलं होतं.

मी त्याची थोरली बहीण. जन्मभर नर्स होते, शेवटी शेवटी तर आख्खा वॉर्ड माझ्या हाताखाली होता, आणि माझ्या आवाजाला डॉक्टरसुद्धा वचकून असतात असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. आवाज असतो तो वापरायला. पण निवृत्त झाल्यावर गुडघ्याने दगा दिला, ऑपरेशन झालं, आणि माझं घर चौथ्या मजल्यावर. भाऊ म्हणाला, "ताई, नखरे करू नकोस, माझ्याकडे ये." आले.

मला त्याने मधल्या खोलीत टाकलं. खाली एका रांगेत तीन खोल्या. रस्त्याच्या बाजूला त्याची कार्यशाळा, मागच्या बाजूला भावजयीची शिवणखोली, आणि दोहोंच्या मध्ये मी, माझा सुजलेला गुडघा आणि उशांचा ढीग. स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या वरती. भाऊ चौकटी भरतो, भावजय कापड बेतते, खोळी शिवते आणि त्यांच्या कडांना पायपिंगची गोल किनार लावते. ती शिवते तेव्हा बघत राहावं. मापाची पट्टी गळ्यात, खडू कानामागे, आणि कात्री अशी सरळ जाते की कापडालाही कळत नाही आपण कधी दोन झालो. दोघंही आपापल्या कामात वस्ताद. आणि दोघंही एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हती.

अबोला. बाकी कुठल्या भाषेत याला इतका साधा शब्द असेल की नाही, मला माहीत नाही. आपल्याकडे तो धरतात, जसा उपास धरतात तसा. आणि जितका जास्त दिवस टिकेल तितका धरणाऱ्याला अभिमान.

कारण मला भावजयीने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, माझ्या पायाखाली उशी सारता सारता. एका गिऱ्हाइकाच्या खुर्च्यांवर फुलांचं कापड होतं. खोळी शिवून झाल्या, चढवल्या, तर पाठीवरची फुलं मधोमध येईनात, सगळी एका बाजूला सरकलेली. गिऱ्हाईक समोर उभं. आणि माझा शहाणा भाऊ त्याला म्हणाला, "बेतकाम हिचं आहे. हिचं लक्ष नव्हतं."

"माप त्याने दिलं होतं ताई," भावजय म्हणाली. "चौकटीवर खडूची मधली खूण त्यानेच चुकीची केली होती. मी दिलेल्या मापाने कापलं. मला एकटीला बोलला असता तर मी उलटून दोन शब्द बोलले असते आणि विषय संपला असता. परक्या माणसासमोर बोलला."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. गप्प बसले."

"आणि त्याने?"

"तो पण गप्प बसला."

कप्पाळ! गप्प बसण्यात आमच्या माणसांचा हात कोण धरणार?

तर काम कसं चालायचं? सोफ्याचं काम असं आहे की पुढच्याला मागच्याची खोळ लागते आणि मागच्याला पुढच्याचं माप. सकाळभर दोघं आपापल्या खोलीत जमेल ते करत बसायची आणि निरोप साठवायची. मग दुपारी शाळेतून ठमी यायची.

ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिसरीतली. नाव मोठं सुरेख ठेवलंय, पण बापाने ठमी म्हटलं आणि तेच चिकटलं. दप्तर खाली ठेवायच्या आत बाप गालातल्या चुका एका बाजूला सारून म्हणायचा, "सांग तुझ्या आईला..." आणि पोरगी निघायची, माझ्या खोलीतून, मागे. तिथून आई, "सांग तुझ्या बाबाला..." आणि पोरगी परत पुढे. मला पलंगावरून दोन्हीकडचं ऐकू यायचं. कान माझे अजून ठणठणीत आहेत, गुडघ्यासारखे नाहीत.

पहिल्यांदा मला वाटलं, मी चुकून ऐकलं. भाऊ म्हणाला होता, "सांग तिला, कालची पायपिंग वाकडी आहे. डोळे असतील तर एकदा बघ म्हणावं." ठमी माझ्या पलंगापाशी आली, थांबली, ओठ हलवले, आणि मागे जाऊन काय म्हणाली? "आई, बाबा विचारतोय, कालची पायपिंग एकदा बघशील का?"

आई म्हणाली, "पायपिंग सरळ आहे म्हणावं. वाकडी नजर आहे."

ठमी परत आली, परत थांबली, पुढे गेली. "बाबा, आई म्हणाली, बघते हं."

अगं बाई! मी उशीत तोंड खुपसून हसले. काय पोरगी आहे! तिकडून निखारा घ्यायचा आणि इकडे फूल द्यायचं. आणि चार दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ती नुसतं गाळत नाही, पदरचं घालते सुद्धा. बाप चहाचा कप रिकामा करून बाजूला ठेवायचा, तोंडातून हूं की चूं नाही. ही मागे जाऊन सांगायची, "बाबा म्हणाला, आजचा चहा मस्त झालाय." शिवणयंत्र थांबायचं. भावजय विचारायची, "खरंच असं म्हणाला?" "हो." आणि मग यंत्र पुन्हा सुरू व्हायचं, पण जरा हलक्या पायाने. मोठमोठे वकील जे करायला पैसे घेतात ते ही पोरगी दोन वेण्या घालून फुकट करत होती. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

मग मी तिच्याकडे नर्सच्या नजरेने पाहिलं, आणि माझं हसू आटलं.

ती माझ्या खोलीत थांबायची ना, ओठ हलवत, तेव्हा तिचा डावा हात पोटावर असायचा. बेंबीच्या जरा वर, मुठीत फ्रॉक धरून. नखं कुरतडून कुरतडून मांसाला लागलेली. जेवणाआधी पोटात दुखतं म्हणायची. मी दाबून पाहिलं, तपासलं, पोटात काही नव्हतं. आणि तिला साधं काही विचारलं, "ठमे, खिडकी उघडू का?" तरी ती लगेच उत्तर द्यायची नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मला कोणतं उत्तर आवडेल ते शोधायची, मग बोलायची. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी नाही, निरोपच पाठवला होता, की मुलगी हुशार आहे पण हात वर करत नाही. कसा करणार? चूक की बरोबर हे ठरवायला तिला आधी समोरच्याचा चेहरा वाचायला लागतो, आणि वर्गात एवढे चेहरे.

मी भावाला हाक मारली. काठी टेकत कार्यशाळेच्या दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "तोंडातल्या चुका काढ आणि ऐक. तुम्ही त्या पोरीला टपालपेटी करून ठेवलंय. बायकोशी भांड."

त्याने चुका तळहातावर काढल्या. "ताई, आपल्या घरी काय चालायचं ते विसरलीस तू?"

विसरेन कशी? आमचे वडील तापले की ताटं भिरकावायचे. आई त्याहून वरच्या पट्टीत. आम्ही दोघं पलंगाखाली, मी त्याचे कान माझ्या हातांनी बंद करायची.

"मी तेव्हाच ठरवलं होतं," तो म्हणाला. "माझ्या पोराच्या कानावर ओरडणं पडणार नाही. पडलंय? एकदा तरी? माझ्या घरात आवाज चढलेला ऐकलास तू?"

आणि त्याच्या चेहऱ्यावर काय अभिमान होता! मला त्याला झोडपावंसं पण वाटलं आणि जवळ घ्यावंसं पण. कारण तो खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं तोंडात चुका धरून बसला होता, तो काही त्याचा माज नव्हता. त्याला लेकीवरचं प्रेम असंच दाखवता येत होतं.

"अरे राजा," मी म्हणाले, "आपल्याला निदान कळायचं तरी. आपटाआपट थांबली की बाहेर यायचो आपण. तुझ्या लेकीला कधी कळणार बाहेर यावं म्हणून? तुमचं भांडण सुरूच झालं नाही, तर संपणार कधी?"

चुका परत गालात गेल्या. भावजयीला सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, "पहिलं त्याने बोलायचं." जित्याची खोड! मी भिंतीवर डोकं आपटायची तेवढी राहिले.

आणि मग दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा आला.

बाईंना दवाखान्यात रोगी बसतात तिथे टाकायला लांबलचक सोफा हवा होता. कापड त्यांनीच आणलेलं, निळे-पांढरे पट्टे. पट्टे उभे हवेत, पाठीवरून निघून बैठकीवरून थेट खाली जमिनीपर्यंत, एका रेषेत. त्या दिवशी मी गुडघा दाखवायला गेले होते, त्यामुळे निरोप कसा निघाला आणि कसा पोचला ते मी ऐकलं नाही. ते मला पुढे सगळ्यांबरोबरच कळलं.

खोळ शिवून झाली. भावजय ती स्वतः घेऊन कार्यशाळेत आली, कारण एवढी मोठी खोळ ठमीला उचलणार नव्हती. चेहरा जरा खुललेला होता तिचा. मी काठी घेऊन दारात होते, मला नवीन काम बघायला आवडतं. ठमी नुकतीच शाळेतून आलेली, एका पायातला बूट काढलेला. भावाने खोळ चौकटीवर टाकली, झटकली, आणि तसाच थांबला.

पट्टे आडवे होते. डावीकडून उजवीकडे.

गालातल्या चुका त्याने दातांनी इतक्या करकचून धरल्या की मला आवाज ऐकू आला. आणि दैव बघा, नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात. सहज जाता जाता डोकावल्या होत्या.

"अय्या, आडवे?" त्या म्हणाल्या. "मी उभे सांगितले होते ना?"

भाऊ बायकोकडे बघत होता. भावजय त्याच्याकडे बघत होती, सरळ, पापणी न लववता. ती फक्त वाट बघत होती. तुझं तोंड उघडू दे, परक्या माणसासमोर माझं नाव पुन्हा घे, आणि मग बघ. मी इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण माणसाचं काही कायमचं तुटायच्या बेतात आहे हे मला त्या क्षणाइतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

"मी सांगितलंच नाही."

ठमी बोलली होती. एक पाय बुटात, एक मोज्यात.

"बाबाने सांगितलं होतं पट्टे उभे. मी आईला सांगितलं नाही." ती भराभर बोलायला लागली. "तो म्हणाला, सांग तिला पट्टे उभे काप, मागच्या वेळेसारखं डोकं गहाण ठेवून कापू नकोस, लोकांसमोर मला मान खाली घालायला लावू नकोस. मला त्यातलं टोचणारं काढायचं होतं. मी नेहमी काढते. पण हे निघतच नव्हतं. पट्ट्यांचं काही म्हटलं असतं तर आईला मागच्या वेळेचं आठवलं असतं. म्हणून मी म्हटलं, बाबा म्हणाला तुला आवडेल तसं काप. आई हसली. मी टोचणारं काढलं आणि पट्टे पण निघून गेले."

मग तिने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि वाकून तिथेच ओकली, लाकडाच्या भुशावर.

मी पुढे झाले, पण गुडघा! भावजय माझ्या आधी पोचली, भाऊ तिच्याही आधी. तोंड पुसत ठमी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत म्हणाली, "आता माझ्यामुळे तुम्ही कधीच बोलणार नाही का?"

देवा रे. मी मरणं पाहिलीत, पण ते वाक्य मला सहन झालं नाही.

भाऊ गुडघ्यांवर होता. त्याने तोंडात बोटं घालून सगळ्या चुका बाहेर काढल्या, एकही आत ठेवली नाही, आणि जमिनीवर टाकल्या. ओठ फाटला होता, रक्त आलं होतं. तो डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाला, "बाई, चूक माझी आहे. ही पण माझी, आणि मागच्या गिऱ्हाइकाची पण माझीच होती. हिने बरोबर कापलं होतं. मी चुकीची खूण केली आणि हिच्या नावावर ढकललं."

मागच्या गिऱ्हाइकाचं त्या बाईंना काय ठाऊक? पण शहाणी बाई. म्हणाली, "कापड मी दुसरं आणते. सोफ्याची घाई नाही मला. आधी मुलीला पाणी द्या." आणि गेली. जाताना कार्यशाळेचं दार स्वतः ओढून घेतलं तिने.

आता इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटेल. छे! खरी कसरत पुढेच होती. इतकी वर्षं न भांडलेल्या माणसांना भांडायला शिकवणं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

त्याच संध्याकाळी मी दोघांना माझ्या पलंगासमोर बसवलं. ठमी माझ्या शेजारी, पांघरुणात. "हं," मी म्हणाले, "करा सुरुवात."

भाऊ म्हणाला, "ताई, तिला सांग..."

"मी नर्स आहे, टेलिफोन नाही. तिच्याकडे बघून बोल!"

त्याने बायकोकडे पाहिलं. घाम फुटला त्याला, खरोखर, कपाळावर. मग हळूच म्हणाला, "मला भीती वाटते. मी तोंड उघडलं की आमच्या वडिलांचा आवाज बाहेर येईल."

हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. भावजय त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "येऊ दे. आला तर मी सांगेन तुला, हा तुझा नाही म्हणून. पण तू बोल रे. मला भिंतीशी संसार करायला लावू नकोस."

आणि मग ती जी सुरू झाली! बाई गं! परक्या माणसासमोर माझी अब्रू घेतलीस, मला वाटलं आता कात्रीच हातात घेऊ नये, तू एकदा तरी आत येऊन म्हणायचंस, मी वाट बघत होते, रोज वाट बघत होते. आवाज चढला तिचा, डोळे भरले. भाऊ पण तापला. "तू तरी यायचंस! तू पण आली नाहीस!" त्याचाही आवाज चढला. माझ्या शेजारी ठमी ताठ झाली आणि पांघरुणातून बाहेर पडून त्यांच्या मध्ये जायला निघाली, नेहमीच्या सवयीने. ओठ हलायला लागले होते.

"ठमे, बस तिथे," तिची आई म्हणाली. ओरडून नाही, पण ठाम. "हे आमचं आहे. तुझं काम नाही हे."

"पण आई, बाबाला म्हणायचंय की..."

"बाबाला तोंड आहे."

भाऊ त्यावर खो खो हसला. रडता रडता हसला, अगदी वेड्यासारखा. आणि बायकोचा हात धरून म्हणाला, "चुकलो मी. माफ कर." ठमीसमोर म्हणाला. मग ठमीकडे वळून, "ऐकलंस? भांडण झालं आणि मिटलं. मिटलेलं पण ऐकायचं हं."

दुसऱ्या दिवशी त्याने फुलांच्या खुर्च्यांच्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि सांगितलं की माझी बायको नव्हती चुकली, मी चुकलो होतो. गिऱ्हाइकाला काही आठवत सुद्धा नव्हतं. "कुठली फुलं हो?" म्हणाला तो. पण शिवणयंत्र थांबलं होतं, आणि भावजय दारात उभी राहून ऐकत होती.

माझा लहान भाऊ. पलंगाखाली माझ्या हातांत कान देऊन बसायचा तो. आता केस पांढरे व्हायला लागले त्याचे, आणि या वयात तो माणूस नव्याने बोलायला शिकत होता. मला त्याचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आणि तिचाही. रुसून बसायला काय लागतं? कुणीही बसतं. रुसवा अर्ध्यात सोडून दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायला छाती लागते. ती रोज जायला लागली.

चुकत होती दोघंही. एकदा भाऊ खरोखरच वडिलांच्या आवाजात गरजला, आणि हातातली हातोडी आपटली. भावजय म्हणाली, "हा तुझा नाही." तो तिथेच थांबला, पांढराफटक पडला, बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला, परत आला आणि उरलेलं भांडण साध्या आवाजात पुरं केलं. कधी ती दुपारभर फुगून बसायची, मी काठी वाजवायची. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, पण आता ते लागलं की सगळ्यांना ऐकू यायचं, आणि सावरलं की तेही.

ठमी सुरुवातीला प्रत्येक भांडणाला हजर. खेळ टाकून येऊन उभी राहायची, मिटेपर्यंत हलायची नाही. मग दाराशी बसून ऐकायला लागली. मग एक दिवस लवंगी फटाक्यासारखं दोघांचं वाजलं, धाग्याच्या रंगावरून, आणि मी बघते तर ठमी माझ्या पलंगावर चित्र रंगवतेय आणि मान वर करून म्हणते, "आत्या, यांचं चालूच आहे का अजून?" तरीही मला खात्री वाटत नव्हती. ती अजून काही मागायची नाही. हे हवं, ते नको, असं तिच्या तोंडून कधी येत नव्हतं. पोटात दुखणं कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. दुसऱ्यांची भांडणं झेलणं वेगळं, आणि स्वतःचं तोंड उघडणं वेगळं.

डॉक्टरीणबाईंचा सोफा तयार झाला. नवीन कापड, पट्टे उभे, एका रेषेत, एका दोऱ्याचाही फरक नाही. न्यायला उघडा टेम्पो आला. सोफा वर चढवला, दोऱ्या बांधल्या. भाऊ ड्रायव्हरशेजारी बसायला निघाला. आणि ठमी म्हणाली, "मी सोफ्यावर बसून येणार."

"मागे? उघड्या टेम्पोत? नाही," भाऊ म्हणाला.

"मला बसायचंय."

"ठमे, पडशील. नाही म्हणजे नाही."

"आई!"

"बाबा बरोबर सांगतोय," आई म्हणाली.

आणि आमच्या त्या गरीब गाईने रस्त्याच्या मधोमध पाय आपटला. "तुम्ही दोघं एक झालात! आधी बोलत नव्हता, आता एक झालात! मी एवढं सगळं केलं तुमच्यासाठी, आणि मला एकदा सोफ्यावर बसू देत नाही! तू दुष्ट आहेस! तू पण! मला नकोच आहे तुमच्यातलं कुणी!" चेहरा लालबुंद, नाक वाहतंय, वेणी सुटलेली. टेम्पोवाला आ वासून बघत होता. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

भावाचा चेहरा उतरला. ते शेवटचं वाक्य लागलं त्याला. एक क्षण मला वाटलं, आता हा खिशातल्या चुका काढून गालात भरतोय आणि गप्प होतोय, किंवा गरजतोय. तो दोन्हीतलं काही न करता तिच्यासमोर उकिडवा बसला. "तू रागावलीस ते बरोबर आहे. तू आमच्यासाठी केलंस ते पण खरं. पण टेम्पोत मागे बसायला मी हो म्हणणार नाही. आता मला जायचंय. आलो की उरलेलं भांडू."

"मला नाही भांडायचं तुझ्याशी!"

"मग मी एकटा भांडेन. पण येईन."

टेम्पो गेला. ठमीने त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. फणफणत आत आली, माझ्या पलंगावर चढली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आत्या, तू पण बोलू नकोस." मी नाही बोलले. मी तिचा हात बघत होते. पोटावर नव्हता. उशीखाली होता.

आईने ताट आणलं. तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "काय आहे?" आणि उठून सगळं खाल्लं, रागारागाने, आणि आणखी मागितलं. मग पुन्हा भिंतीकडे वळली आणि भर दुपारी, बापाशी भांडण अर्धवट असताना, गाढ झोपली. तोंड उघडं, घोरत सुद्धा होती जरा. भावजय दारात आली, तिच्याकडे बघत उभी राहिली, आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली. मी तर केव्हाची रडत होते. आम्ही दोघी बायका मूर्खासारख्या डोळे पुसत एका झोपलेल्या पोरीकडे बघत होतो.

टेम्पो परत आला तेव्हा भाऊ धावतच आत शिरला. "कुठंय? भांडायचं राहिलंय आमचं."

ठमीने एक डोळा उघडला. "थांब ना बाबा," ती म्हणाली, "मला झोप येतेय." आणि कूस बदलली.

"बरं," तो म्हणाला. तिच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि माझ्या पलंगाच्या कडेला, ती उठायची वाट बघत, बसून राहिला.